आराखडा टिकावा, वाचताही यावा

कागदावरील आराखडा डोळ्यांनी वाचता येतो. संगणकावरील आराखड्यास त्याची फाईल उलगडणारी प्रणाली लागते. संगणकीय आरेखनाच्या प्रारंभी एका कंपनीची फाईल दुसरीच्या प्रणालीत उघडत नसे. म्हणून अमेरिकेत १९८० मध्ये ‘आयजेस’ हे देवाणघेवाणीचे सामाईक रूप प्रसिद्ध झाले. १९८२ मध्ये ऑटोकॅड आले. त्याची ‘डीडब्ल्यूजी’ फाईल कंपनीपुरती बंदिस्त होती, तर ‘डीएक्सएफ’ इतर प्रणालींशी देवघेवीसाठी होती. १९९४ मध्ये ‘स्टेप’ या आंतरराष्ट्रीय मानकाचे पहिले भाग प्रसिद्ध झाले.

पूल वा धरण संगणकप्रणालीहून कितीतरी अधिक काळ टिकते. दुरुस्तीच्या वेळी मूळ आराखडा उघडलाच नाही, तर सारी मोजमापे पुन्हा घ्यावी लागतात. यास्तव मूळ फाईलसोबत खुल्या मानकातील एक आणि कागदावरील एक प्रत प्रत्येक कार्यालयाने जतन करावी.