लढाई तिकडची, रेशन आपल्या घरचं

वडनेर भोलजीहून आम्ही गटातल्या बाया बोलतो आहोत. परवा बैठकीत एकीने विचारलं, "हे रेशन कार्ड आलं कुठून गं?" शोधत गेलो, तर वाट थेट दुसऱ्या महायुद्धाकडे निघाली.

पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, जर्मनी हरला. जिंकलेल्या देशांनी त्याचा मुलूख तोडला, वर मोठी भरपाई लादली. १९२९ नंतर जगभर मंदी आली, हातचं काम गेलं. लोकांच्या त्या रागावर हिटलर मोठा झाला आणि १९३३ मध्ये सत्तेवर बसला. १ सप्टेंबर १९३९ ला त्याने पोलंडवर चढाई केली. दोनच दिवसांनी इंग्रज लढाईत उतरले आणि व्हाइसरॉयने आपल्या पुढाऱ्यांना न विचारता आपल्यालाही त्यात ओढलं. आपली २५ लाखांवर माणसं फौजेत गेली. कोकणातल्या माणगावकडचे यशवंत घाडगे १९४४ मध्ये इटलीत लढताना गेले. वय अवघं २२. व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, पण घरचा माणूस परत आला नाही.

आता आपल्या वऱ्हाडाचं ऐका. आपला आखूड धाग्याचा कापूस तेव्हा जपानच्या गिरण्या घेत. डिसेंबर १९४१ मध्ये जपान लढाईत उतरला आणि ते गिऱ्हाईक एका दिवसात शत्रू झालं. मार्च १९४२ मध्ये जपानने रंगून घेतलं, तसा ब्रह्मदेशाचा तांदूळही बंद झाला. सरकार सांगू लागलं, कापूस कमी करा, धान्य पेरा. धान्य महागलं, साठेबाजी वाढली. १९४३ मध्ये बंगालात दुष्काळ पडला, सुमारे ३० लाख माणसं गेली. तिथे बॉम्बने नाही, भुकेने माणसं मारली. त्याच साली मुंबईत माणशी धान्य मोजून देणं सुरू झालं. तेच आपलं रेशन.

रशियात स्टालिनग्राडला जर्मन फौज हरली आणि पारडं फिरलं. मे १९४५ मध्ये जर्मनी शरण आला. ऑगस्टमध्ये हिरोशिमा आणि नागासाकीवर अणुबॉम्ब पडले आणि जपाननेही हात टेकले.

बायांनो, तोफा दूर असल्या तरी झळ चुलीपर्यंत येते. २०२२ मध्ये युक्रेनची लढाई पेटली आणि सूर्यफुलाचं तेल महागलं, हे आपण पाहिलंच. म्हणून घरात थोडी डाळ, थोडं बियाणं राखून ठेवा.

आणि एक काम आजच करा. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशन कार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून घरातल्या १८ वर्षांवरच्या सर्वांत मोठ्या बाईचं नाव लागतं. पेटीतून कार्ड काढा आणि पहिलं नाव कोणाचं आहे, ते वाचा. वाचता येत नसेल, तर लेकीकडून वाचून घ्या. नाव नसेल, तर पुढच्या बैठकीला कार्ड घेऊन या. अर्ज आपण मिळून भरू.

रामराम!