खिशांतला कॅमेरा आणि कृष्णाकांठचें पाणी

स्वस्त यंत्र अडलें कीं दोष यंत्राचाच, असें मानण्याकडे माणसाचा स्वाभाविक कल असतो. खिशांत मावणाऱ्या साध्या डिजिटल कॅमेऱ्याच्या बाबतींत हा निवाडा पुष्कळदां अन्यायाचा ठरतो. कृष्णेच्या खोऱ्यांत त्याचा खरा शत्रु पाणी हाच होय. साताऱ्याकडे तें धुक्याच्या रूपानें भेटतें, सांगलीस पुराच्या.

पश्चिम घाटाच्या जागतिक वारसास्थळांत २०१२ सालीं समाविष्ट झालेल्या कासच्या पठारावर भाद्रपदांत फुलें पाहण्यास मंडळी लोटतात. तेथें घेतलेलीं चित्रें घरीं येऊन पाहावीं, तों तीं करडीं व मळकट दिसतात. कॅमेरा समोरचा उजेड मध्यम करड्या छटेशीं जुळवूं पाहतो. धुक्याची पांढरी चादर त्यास फाजील उजेड वाटते आणि तो चित्र काळवंडवितो. अधिक-उण्याची खूण असलेल्या सोयीनें उजेड अधिक एकपर्यंत वाढविला म्हणजे धुकें पांढरें उमटतें. फ्लॅश बंदच ठेवावा. नाहींतर भिंगाजवळचे तुषार उजळून चित्रभर ठिपके उठतात. तेरड्याचें फूल जवळून टिपावयाचें तर फुलाची खूण निवडावी, झूम वाढवूं नये, आणि कळ अर्धी दाबून नेम बसल्याची चौकट पडद्यावर दिसल्यावरच ती पुरी दाबावी. गार मोटारींतून उतरतांच भिंगावर दंव धरतें, तें उपरण्यानें पुसूं नये. कॅमेरा बंद पिशवींत पंधरा-वीस मिनिटें ठेवला कीं कांच बाहेरच्या हवेइतकी ऊबदार होते.

पेन्सिल-सेलवरचा कॅमेरा सुरू होऊन लगेच मिटला, तर बहुधा सेलच थकलेले असतात. घड्याळाचे साधे सेल यास पुरे पडत नाहींत. पुन्हां चार्ज होणारे घ्यावे. कार्ड नवीं चित्रें स्वीकारीत नसेल, तर त्याच्या कडेची लहान खिटी ‘लॉक’कडे सरकली आहे काय, तें आधीं पाहावें.

साताऱ्याकडचें हेंच पाणी, कऱ्हाडास कोयना मिळाल्यावर, कृष्णेवाटे सांगलीस पोहोंचतें. २००५, २०१९ आणि २०२१ या सालीं तें लोकांच्या घरांत शिरलें. कपाटांतून भिजलेला कॅमेरा निघाला म्हणजे तो चालतो कीं नाहीं हें पाहण्याचा मोह अनावर होतो. आणि तीच चूक घातक ठरते, कारण ओल्या यंत्रांतून वीज वाहिली कीं तें कायमचें निकामी होऊं शकतें. आधीं बॅटरी काढावी, मग कार्ड. कार्डांत हलणारा एकही भाग नसतो, म्हणून तें पुष्कळदां वांचतें. चिखल पुसून, दोन-तीन दिवस सावलींत सुकवून मगच तें संगणकास लावावें.

चुकून चित्रें पुसलीं गेलीं, तरीहि धीर सोडूं नये. पुसल्यानें बहुधा अनुक्रमणिकेंतील नोंदच जाते. नवें चित्र त्या जागीं बसेपर्यंत जुनें तेथेंच असतें. एकहि नवें चित्र न घेतां कार्ड काढून ठेवलें, तर तीं परत मिळण्याची आशा राहते.

कॅमेरा दुसरा घेतां येतो. निवर्तलेल्या आजोबांचा हंसरा चेहरा दुसरा मिळत नाहीं. यास्तव चित्रें त्याच दिवशीं संगणकावर उतरवावीं, एक प्रत नदीपासून दूर राहणाऱ्या आप्ताकडे ठेवावी, आणि संकटसमयीं क्रम विसरूं नये: प्रथम कार्ड, मग कॅमेरा.