तिसऱ्या भिडूचे आभार



आभार मानायचं काम आज माझ्याकडे आलं आहे. जागा देणारे, चहा देणारे, लांबून आलेले पाहुणे, सगळ्यांचे आभार आहेतच. पण मला बोलायचं आहे ते आपल्या गंजिफाच्या बैठका चालवणाऱ्या स्वयंसेवकांबद्दल. त्यांचं काम नीट झालं की कुणाला दिसत नाही, आणि थांबलं की बैठकच थांबते.

गंजिफा हा काही आजचा खेळ नाही. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनकडे गंजिफाचे पत्ते पाठवल्याची नोंद त्याच्याच आत्मचरित्रात आहे. ‘आईन-ए-अकबरी’त अबुल फजलने या पत्त्यांचं वर्णन केलं आहे. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात, कुमाश अशा आठ रंगांचा संच मुघल गंजिफा म्हणून ओळखला जातो. पुढे याच खेळाने मत्स्य, कूर्म, वराहापासून कल्कीपर्यंतचे दहा अवतार आपल्या पत्त्यांवर घेतले आणि दशावतारी गंजिफा तयार झाली. पत्ते गोल, प्रत्येक रंगात बारा. म्हणून मुघल संच ९६ पत्त्यांचा आणि दशावतारी १२० पत्त्यांचा.

मग छापील बावन्न पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि हाताने रंगवलेले पत्ते मागे पडले. सावंतवाडीत १९७० च्या दशकात शिवरामराजे भोसले आणि सत्वशीलादेवी भोसले यांनी राजवाड्यात ही कला पुन्हा उभी केली, म्हणून आज आपल्याला हे पत्ते बघायला मिळतात. त्यांचे आणि चितारी कलाकारांचे उपकार मोठे आहेत.

पण मित्रांनो, पत्ता वाचला म्हणजे खेळ वाचला असं होत नाही. बरेच लोक संच विकत घेतात आणि चौकट करून भिंतीवर लावतात. भिंतीवरच्या मीराला कुणी वजीर टाकत नाही. चित्रकाराने पत्ता वाचवला. खेळ वाचवायचा तर खेळणारेच लागतात.

आणि इथेच आपले स्वयंसेवक येतात.

ही गंजिफा तिघांत खेळली जाते. ९६ पत्ते, प्रत्येकाला ३२. दोघेच आले तर डाव बसत नाही. दर बैठकीत कुठेतरी एक भिडू कमी पडतो आणि आपला एक स्वयंसेवक उठून तिथे जाऊन बसतो. शिकाऊ मुलांबरोबर बसतो, त्यांना विचार करायला वेळ देतो, अर्ध्या डावात खरा भिडू आला की आपले पत्ते त्याच्या हाती देऊन उठतो. त्याच्या नावावर जिंकलेले डाव फार नसतील. पण त्याच्यामुळे कितीतरी डाव बसले.

दुसरं काम शिकवण्याचं. इथे हुकमाचा रंग नसतो. मीर सगळ्यांत मोठा, त्याखाली वजीर, हे लगेच कळतं. पुढे खरी गंमत आहे. अर्ध्या रंगांत दश्शी मोठी आणि एक्का सगळ्यांत लहान; उरलेल्या अर्ध्यांत एक्का मोठा आणि दश्शी तळाला. शिवाय कोणते पत्ते पडून गेले हे डोक्यात ठेवावं लागतं. नवा मुलगा इथेच कंटाळून मोबाइल काढतो. त्याला तेच तेच, आवाज न चढवता, पाचव्यांदा सांगणारं माणूस आपल्याकडे आहे. आज एखादा सलीम दहा अवतार क्रमाने सांगतो आणि एखाद्या काकू ‘शमशेरचा वजीर’ असं सहज म्हणतात. त्यासाठी कुणी एकोप्यावर भाषण दिलं नव्हतं. त्यांना फक्त खेळ शिकवला होता.

तिसरं काम मोजण्याचं. हाताने रंगवलेल्या संचातला एक पत्ता हरवला तर तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही. सगळे घरी निघाले की एक ताई चादर झटकतात, पत्ते रंगाप्रमाणे लावतात, मोजतात आणि डबीत ठेवतात.

चौथं काम सगळ्यांत अवघड. आपल्या घरांत पत्ते म्हटलं की आधी जुगार आठवतो, आणि जुगाराला आपल्याकडे मनाई आहे. पत्ते पैशाशिवायही नकोत, असं मानणारेही आहेत; त्यांच्या मताचा मान ठेवूनच आपण आपलं काम करतो. पण आपल्याकडे पैसा नाही, म्हणजे नाही. चहाची पैजसुद्धा नाही. हे दारात उभं राहून हसत सांगणारे, ‘गंमत म्हणून दहा रुपये’ म्हणणाऱ्या दोस्तालाही अडवणारे आपल्यात आहेत. शंका घेऊन आलेल्या अब्बांना त्यांनी आत बसवून डाव दाखवला. त्या विश्वासावर आज इथे इतक्या मुली बसल्या आहेत. मगरिबच्या आधी बैठक संपवायचा नियमही त्यांचाच. रात्रीच्या खेळात सुरुवात सफेदच्या मीराकडे असते आणि दिवसा सुर्खच्या. त्यामुळे आपल्याकडे सफेदचा मीर अजून सुरुवातीची वाट बघत बसला आहे. पण मुली वेळेत घरी पोहोचतात.

या सगळ्यांचे मनापासून आभार. टाळ्या तर वाजवूच. पण टाळ्यांनी यांचं ओझं हलकं होत नाही. नियम पक्के ठाऊक असणारी माणसं आपल्याकडे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी आहेत. त्यातल्या कुणाला उद्या पुण्यात नोकरी लागेल, कुणी दुबईला जाईल, कुणाच्या घरी आजारपण येईल. तसं झालं तर संच कपाटात राहील आणि खेळ जाईल.

म्हणून जाण्याआधी प्रत्येकाने एक काम आपल्याकडे घ्या. कुणी मोजणी शिकून घ्या. कुणी पुढच्या वेळी दोन नव्या मुलांना दश्शी-एक्क्याचा नियम समजावा. कुणी दार सांभाळा. आणि जो दर वेळी तिसरा भिडू होतो, त्याला पुढच्या बैठकीत पहिल्या पत्त्यापासून शेवटच्या पत्त्यापर्यंत एक पूर्ण डाव खेळू द्या.