अंदमानच्या आधी चिंचवड

आमच्या पिंपरी-चिंचवड-चाकण पट्ट्यात अंदमानला जाण्याचं आता कुणाला अप्रूप नाही. कंपनीचं शटडाऊन लागलं, एलटीए म्हणजे प्रवासभत्ता मंजूर झाला, की चार कुटुंबं मिळून चेन्नई नाहीतर कोलकातामार्गे निघतात. उतरल्यावर पहिला गोंधळ घड्याळाचा. बेटं ब्रह्मदेशाच्या खाली, वेळ मात्र आपलीच. हिवाळ्यात पाच-साडेपाचला अंधार! आमची सेकंड शिफ्ट तेव्हा कुठे रंगात येत असते.

मग सेल्युलर जेल. बांधकाम १८९६ ते १९०६. सात पाखांपैकी आता तीनच उरलीत. प्रत्येक पाखाचं तोंड शेजारच्याच्या पाठीकडे, म्हणजे कैद्याला कैदी दिसायला नको. कोठडीची कडी मात्र नीट निरखून बघा. ती दाराला नाही, बाजूच्या भिंतीतल्या कोनाड्यात आहे. गजांतून हात कितीही ताणला तरी पोचत नाही. डोकं लावून केलेला दुष्टपणा! ४ जुलै १९११ ला विनायक सावरकर इथे आले. थोरले भाऊ बाबाराव आधीपासून याच तुरुंगात होते, पण भावाभावांची भेट लगेच झाली नाही. कोलूला, म्हणजे तेलाच्या घाण्याला जुंपलं की दिवसाला तीस पौंड खोबरेल काढून द्यायचं.

लोक सावरकरांच्या कोठडीत फोटो काढतात आणि बीचकडे पळतात. पळू द्या, पैसे मोजून गेलेत. पण ही गोष्ट सुरू होते आमच्या चिंचवडगावात. २२ जून १८९७ च्या रात्री इथल्या चाफेकर बंधूंनी पुण्यात गणेशखिंड रस्त्यावर प्लेग अधिकारी रँडला गाठून गोळी घातली. दामोदरपंत १८ एप्रिल १८९८ ला येरवड्यात फासावर गेले. त्यांचे भाऊ वासुदेव व बाळकृष्ण आणि साथीदार महादेव रानडे १८९९ च्या मे महिन्यात, पाच दिवसांच्या आत. त्या बातम्यांनी पेटून भगूरच्या शाळकरी विनायकाने अष्टभुजा देवीपुढे सशस्त्र लढ्याची शपथ घेतली.

आणि अंदमान म्हणजे फक्त राजबंदी नव्हेत. १० मार्च १८५८ ला डॉ. वॉकर दोनशे कैदी घेऊन उतरला, तिथून ही वसाहत. सुटका झाल्यावर कित्येकांनी तिथेच संसार थाटले. जात, प्रांत सगळं मागे पडलं, घरची भाषा हिंदुस्थानी झाली. त्यांचे वंशज आजही तिथे राहतात. टॅक्सीवाल्याशी जरा बोला, पणजोबांची हकिगत निघेल.

परदेशात राहणारी तुम्ही मंडळी सुट्टीत भारतात येता, हल्ली अंदमानचंही बुकिंग करता. जरूर जा. पण त्याआधी एक सकाळ आम्हाला द्या: चिंचवडच्या चाफेकर चौकात उतरा, चाफेकरांचा वाडा पाहा, मग विमान धरा.