लावणीची दोरी आणि पदरातला तांदूळ



कोकणात आपल्यापैकी बहुतेकांची भातशेती गुंठ्यांत मोजावी लागते. जमीन काही वाढणार नाही. मग पीक वाढवायचे कसे? आमचे नम्र सांगणे असे की, सुरुवात लावणीपासून करावी.

पुष्कळ ठिकाणी हाताला येतील तितकी रोपे एका चुडात खोवली जातात. कधी ती महिना उलटलेली असतात, वर चिखलात खोल दाबलेली. अशा रोपांना फुटवे कमी व उशिरा येतात. उशिराच्या फुटव्यांची लोंबी मागे पडते. कापणीला काही दाणे पक्व, तर काही हिरवे राहतात. हे अर्धवट भरलेले दाणे गिरणीत मोडतात आणि तांदळाऐवजी कणी पदरात पडते. म्हणजे नुकसान दुहेरी : खळ्यावर वजनात आणि गिरणीत प्रतीत.

यावर डॉ. एन. के. सावंत यांची चारसूत्री पद्धत अभ्यासण्यासारखी आहे. पहिले सूत्र, भाताचा पेंढा व तुसाची राख शेतातच परत देणे. दुसरे, गिरिपुष्पाचा पाला चिखलात गाडणे. तिसरे, दोरीवर आलटून पालटून 15 व 25 सें.मी. अंतर ठेवून, चुडात 2-3 रोपे लावणे. चौथे, जवळच्या चार चुडांच्या मध्ये युरिया-डीएपीची 2.7 ग्रॅमची एक गोळी 7 ते 10 सें.मी. खोल खोचणे. खत खोल गेल्याने ते पाण्याबरोबर वाहून जात नाही. हेक्टरी गोळ्या 62,500, म्हणजे खत सुमारे 170 किलोच लागते.

दोरीची लावणी प्रथम सावकाश होते, हे खरे. पावसात दिवसभर वाकून लावणी करतात त्या आपल्या आयाबहिणी. मजुरीवर आलेल्या बाईकडून घाईही करून घ्यायची आणि सरळ रांगही मागायची, हा न्याय नव्हे. कामाचा वेळ व मोबदला आधी ठरवला पाहिजे.

सभासदांना आमची विनंती आहे की, यंदा एकाच खाचराचे दोन भाग करावेत. बियाणे एकच, अर्ध्यात नेहमीची लावणी, अर्ध्यात चारसूत्री. विद्यार्थ्यांनी फुटवे मोजावेत, दोन्हीकडचे भात वेगळे तोलावे, भरडल्यावर कणी वेगळी काढून तीही तोलावी. आमच्या शब्दावर विश्वास ठेवू नका; तराजूवर ठेवा.