इंजिनाचा ताप

मे महिन्यातील दुपार. धुळ्याहून इंदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर शिरपूर मागे पडते आणि काही वेळाने सातपुड्याचा चढ सुरू होतो. बिजासनच्या घाटात रस्त्याच्या कडेला एखादी मोटार बॉनेट उघडून उभी असलेली दिसते. आतून वाफ येत असते, गाडीतील मंडळी झाडाची सावली शोधीत असतात, आणि चालक हातात पाण्याची बाटली घेऊन विचारात पडलेला असतो. शेजारून जाणारा प्रत्येक प्रवासी मनाशी म्हणतो, 'गाडी तापली.'

परंतु हे झाले केवळ लक्षण. रोग्याला ताप आहे एवढे सांगून वैद्याचे काम संपत नाही. ताप केव्हा चढतो, केव्हा उतरतो, थंडी वाजून येतो की काय, हे विचारल्यावाचून औषध देणारा वैद्य जितका धोक्याचा, तितकाच विचारपूस न करता सुटे भाग बदलीत सुटणारा कारागीरही धोक्याचा समजावा. आणि ज्याची उपजीविका गाडीवर चालते, त्याच्या दृष्टीने हा धोका लहान नाही.

इंजिन तापणे हे मुळात अस्वाभाविक नाही, ही गोष्ट प्रथम ध्यानात घ्यावयास हवी. पेट्रोल जळते त्या क्षणी सिलिंडरमधील वायूचे तापमान दोन हजार अंश सेल्सिअसच्याही वर जाते. ज्या अ‍ॅल्युमिनियमचे सिलिंडर-हेड बहुधा घडविलेले असते, तो धातू शुद्ध स्वरूपात ६६० अंशांना वितळतो. इंधनातून मिळणाऱ्या शक्तीचे ढोबळ मानाने तीन वाटे होतात. एक वाटा चाके फिरविण्याच्या कामी येतो, दुसरा धुराबरोबर निघून जातो आणि तिसरा पाण्याच्या स्वाधीन करावा लागतो. घाट चढताना लहान मोटारीचे इंजिन तीस किलोवॉट काम करीत असेल, तर जवळजवळ तेवढीच उष्णता पाण्याला वाहून न्यावी लागते. दोन दोन किलोवॉटच्या पंधरा विजेच्या शेगड्या एकदम पेटवाव्यात, तसा हा प्रकार आहे.

मोटारीच्या जन्मापासून हा प्रश्न तिच्या पाठीशी लागलेला आहे. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यात बेर्टा बेंझ ही धाडसी स्त्री आपल्या दोन मुलांसह पतीने बनविलेल्या तीनचाकी गाडीतून जर्मनीतील मानहाइमहून फोर्ट्सहाइमला गेली. मोटारीचा हा पहिला दूरचा प्रवास मानला जातो. त्या गाडीत पाणी उकळून वाफ होऊन जाई आणि इंजिन त्यामुळे थंड राही. साहजिकच सुमारे शंभर किलोमीटरच्या त्या वाटेवर तिला वारंवार पाणी भरून घ्यावे लागले. पुढे १९०० साली विल्हेल्म मायबाख ह्या अभियंत्याने आठ हजारांहून अधिक बारीक नळ्यांचा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर पहिल्या मर्सिडीज गाडीसाठी तयार केला. त्यात तेच पाणी पुनःपुन्हा वापरता येई.

आजच्या गाडीतही मूळ योजना तीच आहे. पंप पाण्याला इंजिनाभोवती फिरवितो. इंजिन थंड असताना थर्मोस्टॅट नावाची झडप रेडिएटरकडील वाट बंद ठेवते आणि पाणी ८० ते ९० अंशांच्या सुमारास आले की ती उघडते. रेडिएटरमध्ये वाऱ्याने पाणी निवते. गाडी वेगात असली की वारा आपोआप मिळतो, आणि ती उभी असली किंवा रेंगाळली की पंखा तो पुरवितो. सर्वांत दुर्लक्षित भाग म्हणजे झाकण. ते आतला दाब वातावरणाच्या दाबापेक्षा साधारण तेवढ्यानेच वाढवून ठेवते. त्यामुळे शंभर अंशांना उकळणारे पाणी सुमारे १२० अंशांपर्यंत उकळत नाही. ह्याच पाण्यात इथिलीन ग्लायकॉलचे द्रावण, म्हणजे ज्याला कूलंट म्हणतात ते, निम्मे मिसळले तर ही मर्यादा आणखी वर जाते. डोंगराळ प्रदेशात झाकणाचे महत्त्व विशेषच. लेहसारख्या साडेतीन हजार मीटर उंचीवरील गावी उघड्या भांड्यातील पाणी ८८ अंशांच्या सुमारासच उकळू लागते. तेथे झाकणाची रबरी चकती झिजलेली असेल, तर बाकीचे इंजिन निर्दोष असूनही गाडी उकळावयाची.

ही रचना डोळ्यांपुढे ठेवली म्हणजे निदानाचा पहिला प्रश्न आपोआप सुचतो : गाडी तापते केव्हा? शहराच्या गर्दीत, सिग्नलपाशी तापते आणि मोकळ्या रस्त्यावर लागताच निवते, तर संशय पंख्यावर, त्याच्या मोटरवर, रिलेवर किंवा पट्ट्यावर घ्यावा. कारण वेगात असताना पंख्याचे काम वारा करतो. उलट, गावात ठीक चालते पण वेगात किंवा चढावर तापते, तर पंख्याला दोष देण्यात अर्थ नाही. तेथे रेडिएटर आतून किंवा बाहेरून चोंदला असावा, पंप अशक्त झाला असावा, किंवा खालचा होज पाइप पंपाच्या ओढीने आत दबत असावा. सकाळी गाडी सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत काटा चढत असेल, तर थर्मोस्टॅट बंद अवस्थेत अडकला आहे, पाणी कमी आहे, किंवा नळ्यांत हवा कोंडली आहे असे समजावे.

दुसरा प्रश्न पाण्याविषयीचा : पाणी कमी होते काय, आणि होत असेल तर जाते कोठे? बंद वाटेने फिरणारे पाणी रोज घालावे लागत असेल, तर ते कोठून तरी निसटत आहे हे निश्चित. जमिनीवर थेंब दिसत नाहीत म्हणून गळती नाही असे मानणे चुकीचे ठरते. दाब चढल्यावरच झिरपणारे पाणी तापलेल्या धातूवर तत्काळ सुकते आणि मागे केवळ एक पांढरट ओघळ राहतो. बाहेर कोठेच खूण नसेल, तर मात्र हेड गॅस्केटची शंका घ्यावी. धुराड्यातून गोडसर वासाचा पांढरा धूर सतत येणे, ऑइल दुधाळ होणे, थंड इंजिन सुरू करताच रेडिएटरच्या पाण्यात बुडबुडे येत राहणे, ही त्याची लक्षणे होत. जळलेला वायू पाण्यात शिरतो किंवा नाही हे पाहण्यासाठी गॅरेजमध्ये एक निळा द्राव वापरतात. वायू असेल तर तो पिवळा पडतो.

तिसरा प्रश्न : गाडी खरोखरच तापली आहे काय? काटा सांगतो ते सदैव सत्य असतेच असे नाही. सेन्सर किंवा त्याची तार बिघडली, तर थंड इंजिनही तापलेले दिसते. ह्याहून घातक प्रकार उलटा आहे. पाणी फार कमी झाले की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खाली येतो. चालक समाधानाने पुढे जातो आणि इंजिनाची हानी होते. आजकाल गाडीला यंत्र जोडून दोषाचा क्रमांक वाचता येतो. परंतु तो क्रमांक कोणत्या अवयवाने तक्रार केली एवढेच सांगतो. तक्रारीचे कारण माणसालाच शोधावे लागते.

ह्या विचारपूशीचे मोल किती, हे धुळे ते इंदूर अशा फेऱ्या करणाऱ्या एका टॅक्सीचालकाच्या हकीकतीवरून कळून येईल. गाडी बँकेच्या कर्जाची, हप्ता दरमहाचा आणि दिवस लग्नसराईचे. गाडी बिजासनच्या घाटात तापू लागली. पहिल्या गॅरेजने पंख्याची मोटर बदलली. दुसऱ्याने थर्मोस्टॅट काढून टाकला आणि 'आता पाणी मोकळे फिरेल' असे आश्वासन दिले. घाटातला ताप तसाच राहिला, शिवाय सपाटीवर इंजिन पुरेसे गरम होईना आणि पेट्रोल अधिक जळू लागले. तिसऱ्याने हेड उतरविण्याचा खर्च सांगितला, तेव्हा त्या चालकाने गाडी विकण्याचा विचार सुरू केला.

शेवटी तो एका वयोवृद्ध मिस्त्रीकडे गेला. "चाचा, गाडी तापते," असे त्याने म्हणताच म्हातारा म्हणाला, "तापते ते कळलं, भाऊ. कुठं तापते ते सांग."

"घाटात. गावात काही नाही."

"मग पंखा कशाला बदलला? आणि पाणी किती लागतं?"

"रोज सकाळी अर्धा लिटर. बोअरचं घालतो."

मिस्त्रीने त्या दिवशी एकही भाग उघडला नाही. गाडी रात्रभर उभी ठेवावयास सांगितली. सकाळी थंड इंजिनाचे झाकण काढून ते सुरू केले. बुडबुडे नव्हते. ऑइल स्वच्छ होते. म्हणजे हेड शाबूत होते. मग झाकण लावून गाडी चांगली तापू दिली, ती बंद केली, आणि विजेवरचा पंखा अकस्मात फिरू नये म्हणून बॅटरीची तार सोडविली. त्यानंतर तो रेडिएटरच्या जाळीसमोर तळहात जवळ धरून एका कडेपासून दुसरीकडे नेऊ लागला. दोन्ही कडांना आच लागत होती, मध्यभाग मात्र जवळजवळ थंड होता. मधल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हते. बोअरच्या पाण्यातील क्षार आत साचून त्या बुजल्या होत्या. सपाटीवर उरलेल्या नळ्या पुरेशा होत, घाटात त्या अपुऱ्या पडत.

तरीही मिस्त्री थांबला नाही. मुळात रोज अर्धा लिटर पाणी का लागावे, हा प्रश्न शिल्लक होता. खालच्या होज पाइपाच्या टोकाशी त्याला पांढरट ओघळ सापडला. तेथील क्लिप सैल झाली होती. एका किरकोळ किमतीच्या क्लिपमुळे गळती, गळतीमुळे बोअरचे पाणी, पाण्यामुळे क्षार, आणि क्षारांमुळे घाटातला ताप, अशी ही साखळी होती. नुसता रेडिएटर बदलला असता, तर तीच साखळी पुन्हा सुरू झाली असती. नवा रेडिएटर आला, आतील मार्ग धुऊन निघाला, थर्मोस्टॅट परत बसला, शुद्ध पाण्यात कूलंट मिसळून भरले गेले आणि क्लिप बदलली. चालकाची एक सवय मात्र त्याच्या कामी आली होती. काटा चढताच तो दर वेळी गाडी थांबवीत असे. म्हणूनच हेड वाकले नाही आणि गाडी विकावी लागली नाही.

रस्त्यावर हा प्रसंग आला असता काय करावे, हेही थोडक्यात सांगणे उचित होईल. काटा चढू लागताच वातानुकूलन बंद करावे आणि गाडीतील हीटर पूर्ण चालू करावा. उकाड्यात हे विचित्र वाटेल, पण हीटर हा एक छोटा रेडिएटरच असतो. काटा तांबड्या रेषेला पोचला, तांबडा दिवा लागला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करावे. झाकणाला हात लावू नये. दाब सुटताक्षणी आतील पाणी एकदम उकळून उसळते आणि चेहरा व हात भाजतात. निदान अर्धा तास, आणि इंजिन निवले नसेल तर त्याहूनही अधिक, वाट पाहावी. त्यानंतरही जाड फडक्याने झाकण हळूहळू फिरवावे. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतू नये, धातूला तडा जाण्याचा संभव असतो.

हे सारे प्रसंग टाळण्याचा मार्ग मात्र अगदी साधा आहे. आठवड्यातून एकदा, सकाळी इंजिन थंड असताना, कूलंटच्या बाटलीवरील खुणेकडे नजर टाकावी. पातळी उतरली असेल तर ती भरून मोकळे होऊ नये. ती का उतरली ह्याचा शोध घ्यावा, आणि गाडी कोठे, केव्हा, किती वेगात असताना तापली ते लिहून ठेवावे. मिस्त्रीपुढे ठेवावयाला त्याहून उपयोगी वस्तू नाही. त्या टॅक्सीचालकाच्या गाडीत आता अशी एक लहानशी वही असते. घाट लागण्यापूर्वी तो एकदा काट्याकडे पाहतो, आणि मग प्रवाशांशी बोलत बोलत बिजासनचा चढ चढून जातो.