पिकावरचा करपा ओळखता, अंगावरची बुरशीही ओळखा

(गोंदिया जिल्हा मेळाव्यातील भाषणाचा मजकूर)



धानाच्या पानावर डोळ्याच्या आकाराचे, मधे राखाडी आणि कडेला तपकिरी ठिपके दिसले की आपण म्हणतो, करपा आला. पानाच्या कडा टोकापासून वाळत आल्या की म्हणतो, कडाकरपा. पहिला बुरशीचा, दुसरा जिवाणूचा. एकाचे औषध दुसऱ्याला चालत नाही, हे आपल्याला पक्के ठाऊक आहे. पण बुरशी अंगावर आली की आपण न बघता दुकानातून ट्यूब आणतो. मी शेतीशास्त्र शिकलेला माणूस, डॉक्टर नाही. औषध डॉक्टरच देतील. ओळखून वेळेत त्यांच्याकडे जाणे मात्र आपले काम आहे.

बुरशीला काय लागते? ओल, ऊब आणि मऊ पडलेली कातडी. रोवणी-निंदणाच्या दिवसांत हे तिन्ही आपण तिला फुकट देतो. सकाळपासून पाय बांधीच्या चिखलात आणि कमरेला ओला कपडा घट्ट आवळलेला.

आता खुणा ऐका. पायाच्या बोटांच्या बेचक्यात कातडी पांढरी पडून भेगाळते, खाजते, वास येतो. या चिखल्या. जांघेत, कमरेला, काखेत गोल चट्टा येतो. कड लाल, उंच, खवलेदार आणि मधला भाग निवळलेला. हे गजकर्ण. छातीवर, पाठीवर फिकट डाग येतात आणि खरवडले तर कोंड्यासारखा भुसा निघतो. ही शिबं. तिन्ही बुरशीच्या खुणा आहेत.

पण एक फरक गाठीला बांधा. चट्टा फिकट किंवा लालसर आहे, खाजत नाही आणि त्यावर स्पर्श कळत नाही, तर ते गजकर्ण समजू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. आपल्या पूर्व विदर्भात तो अजून संपलेला नाही. सरकारी दवाखान्यात त्याचे औषध फुकट मिळते आणि वेळेत घेतले तर माणूस पूर्ण बरा होतो. लपवण्यासारखे त्यात काही नाही.

आता ट्यूबकडे येऊ. खाज आली की आपण दुकानदाराला म्हणतो, लवकर थांबेल असे काही द्या. तो जे मलम देतो त्यात पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले असते. दोन दिवसांत खाज थांबते, लाली जाते, आपण खूश. पण स्टिरॉइड बुरशीला मारत नाही, शरीराचा प्रतिकार तेवढा दाबते. म्हणजे राखणदाराला झोपवून रान मोकळे केल्यासारखे. मलम थांबले की चट्टा दुप्पट पसरतो, त्याची ओळखीची कड पुसली जाते आणि मग डॉक्टरलाही ओळखणे अवघड जाते. कातडी पातळ होते ते वेगळेच. २०१८ साली केंद्र सरकारने त्वचेवर लावायची अनेक स्टिरॉइड मलमे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. तरी ती मिळतात, कारण आपण मागतो. दरम्यान बुरशीही बदलली. नेहमीच्या गोळ्यांना दाद न देणारी एक जात भारतात पसरली आणि २०२० साली शास्त्रज्ञांनी तिला नावच दिले, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी. तेच ते औषध अर्धवट मारून कीड औषधाला कशी सरावते, हे तुम्हाला मी सांगायला नको.

सर्वांत महत्त्वाचे डोळ्याचे. धान कापताना पात डोळ्याला लागते, चुरणीत कुसळ किंवा तूस उडते. बुबुळाला बारीक ओरखडा पडतो आणि त्यातून बुरशी आत शिरते. काही दिवसांनी डोळा लाल होतो, दुखतो, पाणी येते, उजेड सहन होत नाही, नजर धूसर होते. बुबुळावर पांढुरका ठिपका दिसू लागला तर एक दिवसही थांबू नका. डोळ्यात दूध, पाल्याचा रस, शेजाऱ्याचे उरलेले थेंब घालू नका. त्या थेंबांत स्टिरॉइड असले तर बुबुळ गळून डोळाच जाऊ शकतो. डॉक्टर ठिपक्याचा कण खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात आणि बुरशी दिसली तर नॅटामायसिनचे थेंब देतात. ते सुरुवातीला दर तासाला आणि पुढे कित्येक आठवडे घालावे लागतात. उशीर झाला तर फूल पडते आणि ते औषधाने जात नाही.

२०२१ साली कोरोनानंतर काळी बुरशी महाराष्ट्राने पाहिली. वाढलेली साखर आणि स्टिरॉइडचा मारा, यांतून तिने डोळे घेतले, जबडे घेतले, जीव घेतले. ज्याला मधुमेह आहे त्याने साधी चिखलीही अंगावर काढू नये.

घरी गेल्यावर एवढे करा. बांधीतून आल्यावर पाय धुऊन बोटांच्या बेचक्या कोरड्या पुसा. कपडे उन्हात वाळवा, टॉवेल एकमेकांचा वापरू नका. गजकर्ण झाले तर घरात ज्याला ज्याला आहे त्या सर्वांनी एकाच वेळी उपचार घ्या. चट्टा दिसेनासा झाला तरी डॉक्टर सांगतील तितके दिवस औषध चालू ठेवा. चुरणीला साधा चष्मा लावा. कोणी हसले तर हसू द्या.

उत्पादन खर्चाच्या हिशेबात आपण बियाणे, खत, मजुरी मांडतो. कुसळाने गेलेला डोळा कोणत्या रकान्यात मांडणार? तो रकाना कुठल्याच कागदावर नाही. म्हणून डोळा वाचवायचा तो आपणच आणि चुरणीच्या आधी.